प्राधान्य तारीख

कळंबोलीच्या लोखंड बाजारात, वजनकाट्यासमोर
माझं झेरॉक्सचं दुकान.
ट्रक काट्यावर चढला
की काउंटरवरच्या टाचण्या थरथरतात.

बलकारसिंग घुमण दर महिन्याला यायचे
अमेरिकेचं ते पत्रक छापून घ्यायला.
एक पान, दोन रुपये.
चष्मा पगडीला टेकवून बोट शेवटच्या ओळीवर:
भाऊ-बहीण. भारत.
"कितना सरका, बहनजी?"
कधी आठवडा. बहुतेकदा काहीच नाही.
एकदा तारीख चक्क दीड वर्ष मागे गेली
तेव्हा हसले,
म्हणाले, घाटात गाडीपण मागे येते कधीकधी.

त्यांच्या आजोबांचा चुलतभाऊ
तिकडे पीचच्या बागेत राबला.
गावाकडून बायको आणायची सोय नव्हती कायद्यात,
त्याने मेक्सिकोच्या बाईशी लग्न केलं.
तो फोटो मी स्कॅन करून दिलाय:
तिच्या डोक्यावर ओढणी,
मांडीवर मुलगी, नाव रोसा कौर.
मग पासष्ट साली दार रुंद केलं त्या देशाने.
एक काका गेला, शिकलेला.
काकाने स्थळ बघितलं, स्वर्णजीत गेली.
स्वर्णजीतने भावाचा अर्ज भरला
दोन हजार पाच साली.
तजिंदर तेव्हा नऊ वर्षांचा.

तेव्हापासून तो कायदा
त्यांच्या घरात खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.
त्याला विचारल्याशिवाय काही नाही.
फ्लॅट घेतला नाही, जायचंच तर आहे.
एकोणीस वर्षं भाडं भरलं.
मुलाचं लग्न थांबवलं,
लग्न झालं की तो 'मूल' राहत नाही म्हणून.
तसाही तो एकविसाचा झालाच.
त्या दिवशी परमिंदरने खीर केली
आणि बलकारसिंग रात्री उशिरापर्यंत
गुरुद्वाराबाहेर लोकांचे जोडे पुसत बसले.

मला वाट बघायला कुणी शिकवायला नको.
रोडपालीची आमची भातशेती सिडकोने घेतली,
साडेबारा टक्क्यांच्या यादीत नाव लागेस्तोवर
बाबाच गेले.
मग वारसांची यादी.
भाऊ म्हणाला, ताई, तुला काय कमी आहे?
हक्कसोडपत्र मी याच मशीनवर टाईप केलं,
एकही खाडाखोड नाही.
तर तिकडच्या कायद्यात
बहीण भावाला बोलावू शकते, हे पहिल्यांदा वाचलं
तेव्हा ते पान मी दोनदा छापलं.
एक त्यांना.
एक अजून खणात आहे, बिलांच्या खाली.

यंदा तारीख लागली.
बलकारसिंग आले ते पेढे न घेता.
वकिलाने हिशोब केला होता:
अर्ज पडून राहिल्याची वर्षं वयातून वजा करतात,
वजा करूनही तजिंदर पंचवीसचा उरतो.
नवरा-बायको जाऊ शकतात.
पोरगा नाही.

फॉर्म भरायला बसले.
मुलांची नावं लिहा. सगळ्यांची,
येणार असोत किंवा नसोत.
"वो छोड दो," ते म्हणाले.
सोडता येत नाही, मी म्हटलं, आणि लिहिलं
तजिंदर सिंग घुमण, जन्मस्थळ पनवेल.
पुढचा प्रश्न: सोबत येणार का?
हो. नाही. दोन चौकोन.
बलकारसिंग रस्त्याकडे बघत होते.

टाचण्या थरथरल्या.
काट्यावर गाडी, सळया भरलेली.
वजन घेताना ड्रायव्हरने खाली उतरायचं असतं,
तसा तजिंदर उतरला, दारात आला,
हातांना ग्रीस.
पडद्याकडे बघितलं. वाचलं असावं,
इंग्रजी त्याचं माझ्यापेक्षा बरं.
"मावशे," तो म्हणाला, आमच्या गावच्या पोरासारखा,
"दोन प्रती काढ. एक मला पायजे."

कशाला, ते मी विचारलं नाही.
काटेवाला ओरडत होता, गाडी काढ, गाडी काढ.
मी कागद सरळ केले.
चार रुपये, म्हटलं.